मामीचा ठिपका

मामाने केलेल्या डोळ्याला कांदा चिरताना पाणी येतं, अशी शहरात बोलवा होती. येतं की नाही हे बघायला कोणी समोर बसलं नव्हतं. पण ज्यांना तो डोळा बसवला होता ते कांद्याचं काम दुसऱ्यावर ढकलायचे, एवढं मात्र खरं. एका पहारेकऱ्याबद्दल तर असं सांगत, की तो स्वतःचा डोळा मिटून झोपा काढायचा आणि मामाचा तेवढा उघडा ठेवायचा. साहेब येऊन त्याची पाठ थोपटून जायचे. आणि एका बाईने नवऱ्याशी कायमचा अबोला धरला होता, कारण त्याने शेजारणीला डोळा मारला. आता मारला तो खरा की खोटा, ह्यावर ते भांडण जे अडलं ते दोघं म्हातारे झाले तरी सुटलं नाही.

मामाच्या कानावर ह्या गोष्टी गेल्या की तो गालातल्या गालात हसायचा. नाही म्हणायचा नाही. "खोटे डोळे करून पोट भरणाऱ्याने खऱ्याचा एवढा आग्रह धरू नये," म्हणायचा.

खरं तर तो एकाच भाचीचा मामा. पण ती लहानपणी दुकानभर 'मामा, मामा' करत फिरायची, ते ऐकून गल्ली त्याला मामा म्हणायला लागली, मग शहर. त्याच्याहून मोठी, काठी टेकत येणारी माणसंसुद्धा दारातून "मामा आहेत का?" विचारायची. आणि तिचं नाव पडलं भाचीबाई. आता तिच्या केसांत पांढरं डोकावायला लागलं होतं, नाकावर चष्मा आला होता, तरी टपालवाल्याची हाक तीच. आईबाप लवकर गेले तेव्हा मामीने तिला ताटावर घेतलं आणि मामाने तिच्या हातात ब्रश दिला. पुढे तिला मागणी घालायला एकदोघे आलेही. पण तिने त्यांच्या डोळ्यांत असं टक लावून पाहिलं, की ते बिचारे रंगाचा नमुना देऊन गेल्यासारखे परत फिरले ते फिरलेच.

दुकान अरुंद जिन्याने वर गेलं की लागायचं. पुढची खोली उत्तरेच्या मोठ्या खिडकीची, कारण त्या बाजूचा उजेड दिवसभर एका जागी शहाण्यासारखा बसून राहतो. मागची खोली साच्यांची, आणि तिथेच एक बाक, ज्यावर मामा जेवण झालं की आडवा व्हायचा. तो घोरायला लागला की फळीवरच्या बाटल्या एकमेकींना टेकून किणकिणायच्या.

ज्याचा डोळा गेलाय त्याच्या खोबणीचं मेणाचं माप घ्यायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, साच्यात पांढरं प्लास्टिक शिजवायचं. लाल रेशमाचा धागा उसवून केसाहून बारीक करायचा आणि त्याच्या शिरा चिकटवायच्या. "हे कुणीही शिकेल," मामा म्हणायचा. "माकडालासुद्धा येईल, फक्त ते धागे खाईल." खरं काम बुबुळाचं. नखाएवढ्या काळ्या चकतीवर, दोन केसांच्या ब्रशने, थरावर थर. चकती रात्रभर वाळली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर काचेसारखा पारदर्शक थर चढायचा. तो चढला की झालं. मग देवाला वाटलं तरी त्यात बदल करता येत नाही.

आणि ह्या कामाचे मामाचे दोन नियम होते. समोर माणूस बसल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. आठवणीतून डोळा रंगवायचा नाही, मग ती आठवण कितीही पक्की असो. आधी नुसतं बघायचं. "माणूस पहिल्यांदा डोळा दाखवतो," मामा म्हणायचा, "मग त्याला कंटाळा येतो. कंटाळला की त्याचा रंग वर येतो. तोवर गप बसायचं. हात शिवशिवले तर मांडीखाली दाबून धरायचे." दुसरा नियम असा, की दुसऱ्याने रंगवलेल्या चकतीला आपला ब्रश लावायचा नाही. बिघडली असेल तर ज्याची त्याने फेकावी. पूर्वी एक कारागीर होता, हाताने सोन्यासारखा. त्याने एकदा मामाच्या चकतीवर एक रेघ ओढली. रेघ सुरेख होती, असं मामाच म्हणाला. त्याला समोर बसवून चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

मामी गेली ती फारसं काही न बोलता, जशी ती बाजारात जायची तशी. मामा थोडे दिवस घरात बसला, मग एका सकाळी दुकानात आला, हात धुतले आणि म्हणाला, "कोण आहे?" रेल्वेच्या तिकीटखिडकीवरचा कारकून होता. ह्या कारकुनाचा लौकिक असा, की त्याच्या खिडकीवर तिकीट मागण्यापेक्षा लोक चालत जायचे. मामाने त्याला खिडकीशी बसवलं, रंगवायला घेतलं, आणि भाचीबाईला पहिल्यांदाच दिसलं की मामा समोर बघत नाहीये. ब्रश चालतोय, पण मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी थर चढल्यावर तिने ते बुबुळ बघितलं आणि परत उजेडाला धरलं. रंग कारकुनाचाच होता. पण खाली, नाकाच्या बाजूला, एक मधाच्या रंगाचा ठिपका होता. मामीचा ठिपका. मामी हसायच्या आधी तिथे उजेड धरायचा, आणि लहानपणी भाचीबाईला वाटायचं की मामी आपल्याला रागावणार की जवळ घेणार हे तिथे आधी कळतं.

तिने बुबुळ जागेवर ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारातून मामाच्या हातात एक ठिपका उरला, तर त्याला काय बोलायचं? शिवाय कारकून खूश होता. महिनाभरात म्हणे त्याच्या खिडकीपुढे रांग लागायला लागली. लोक शेजारच्या रिकाम्या खिडक्या सोडून त्याच्याकडे यायचे, आणि एका म्हातारीने तर त्याला आपल्या गुडघ्याचं दुखणं पहिल्यापासून सांगितलं. तोही ऐकत बसला. बायकोने विचारलं, अहो, तुम्हाला बरं नाही का?

एकदा तोच भाचीबाईला बाजारात भेटला. "तुमचे मामा कुठे नोकरीला लागले का?"

"छे. का हो?"

"नाही, सारखे येतात. पुढच्याच स्टेशनाचं तिकीट काढतात. माझ्याकडे बघतात, सुटे पैसे घेतात आणि परत घरी. गाडी समोर उभी असते हो! मी म्हटलं, मामा, गाडी ही. तर म्हणाले, असू दे, माझं झालं."

भाचीबाई भाजी न घेताच घरी आली.

त्यानंतर जी माणसं आली, त्यांच्याही चकत्यांवर तो ठिपका उमटायला लागला. न्हावी, गवंडी, एक जाडजूड सावकार. दुकानाचं नाव आता खराब होणार, हे तिला दिसत होतं. आज ठिपका कुणाला कळत नाही, उद्या कळेल. मामाचा हात गेला म्हणतील. ज्या माणसाने आयुष्यभर मांडीखाली हात दाबून काम केलं त्याला लोक वेडा म्हणतील, आणि ते तिला ऐकावं लागेल.

म्हणून तिने ठरवलं. मामा जेवून आडवा झाला, बाटल्या किणकिणायला लागल्या, की ती पुढच्या खोलीत यायची. बारीक पात्याने ठिपका खरवडायची आणि त्या जागी त्या माणसाचा रंग भरायची. पहिल्यांदा पातं उचलायच्या आधी तिने हात मांडीखाली दाबून धरला. मग सवय झाली. चोरीची सवय लवकर लागते, त्यातही चांगल्या कामासाठी केलेल्या चोरीची तर फारच लवकर. तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटायला लागला. मामाची लाज मी राखतेय. मामाला कळू न देता राखतेय. ह्याहून इमान ते काय?

पण मामा बदलला. डोळा बसवायच्या दिवशी तो आधी ते तयार बुबुळ खिडकीशी नेऊन भिंगातून बघायचा. बघतच राहायचा. मग भिंग पुसायचा, परत बघायचा. माणूस खुर्चीत ताटकळायचा. मामा एक शब्द न बोलता डोळा बसवायचा आणि आत जाऊन पाणी प्यायचा. पुढच्या वेळी चकतीवरचा ठिपका थोडा मोठा असायचा. भाचीबाई मोठा खरवडायची. त्याच्या पुढच्या वेळी आणखी गडद. तीही आणखी खोल. दोघं एकाच टेबलावर, एकमेकांना न सांगता, असे झुंजत होते आणि मधल्या वेळेत एकमेकांना चहा देत होते.

मामाचं जेवण तुटलं. बाटल्या किणकिणणं कमी झालं. एकदा तो जिन्यात उभा राहिला आणि म्हणाला, "भाचे, मी काल संध्याकाळी दार लावलं होतं ना?"

"लावलं होतं की. मी बघितलं."

"तू बघितलंस. मग असेल."

तिला वाटलं, दुःख आहे, वेळ लागेल.

अशात शाळेतल्या बाई आल्या. उंच, सरळ, छडीसारख्या. शाळेच्या अंगणात मुलांच्या खेळात त्यांचा एक डोळा गेला होता आणि ज्याच्या चेंडूने गेला त्या मुलाला त्यांनी दवाखान्यातूनच गृहपाठ पाठवला होता. खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या, "हे बघा मामा, मला सुंदर दिसायचं नाहीये. माझा हा डोळा बघून घ्या नीट. ह्या डोळ्याने मी आख्खा वर्ग गप्प बसवते. फळ्याकडे तोंड असलं तरी बसवते. आता एका बाजूने दिसत नाही हे पोरांना कळलंय. त्या बाजूचा बाक तर बाजार झालाय. मला तिकडे धाक पाहिजे. दिसलं नाही तरी चालेल."

मामा हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. मग त्याने मान खाली घातली आणि रंगवायला घेतलं, आणि मान पुन्हा वर केली नाही. बाई खिडकीशी ताठ बसून राहिल्या, कंटाळल्या, त्यांचा रंग वर आला, करडा, पावसाळी लोखंडासारखा, आणि तो बघायला मामा तिथे नव्हता.

बाई गेल्या. भाचीबाईने चकती बघितली. ठिपका एवढा मोठा होता की तो आता ठिपका नव्हता. अर्धं बुबुळ मधाचं झालं होतं. त्या डोळ्याने बाई कुणाला गप्प बसवू शकल्या नसत्या. त्या बाजूची पोरं त्यांच्या मांडीवर येऊन बसली असती.

जेवणं झाली. भाचीबाई बाटल्यांची वाट बघत राहिली. मामा बाकावर आडवा झाला नाही. तो पुढच्या खोलीत आला, अंगातला कामाचा झगा काढला, घडी घातली. एरवी तो खुंटीला लावायचा.

"हे शेवटचं," तो म्हणाला. "बाईंचं झालं की बास. तू बघ पुढे. तुझा हात चांगला आहे, माझ्याहून चांगला होईल."

"असं काय बोलताय? बरं वाटत नाहीये का?"

"डोकं चालत नाहीये." त्याने टेबलावर बोटं ठेवली. "तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस. मी तुझ्या मामीचा ठिपका घालतो. चूक आहे, मला कळतं. माझाच नियम. पण घालतो. आणि सकाळी बघतो तर नसतो."

भाचीबाईने एप्रनचा खिसा मुठीत धरला.

"आधी वाटलं, घातलाच नसेल. मग मोठा घातला. हाताने घातला, ह्या हाताने, रंग कालवलेला आठवतोय. सकाळी नाही. त्या कारकुनाच्या डोळ्यात आहे. जाऊन बघून येतो, आहे. म्हणजे तेव्हा येत होता. आता मी घालतोय असं मला वाटतं आणि मी घालत नाही. किंवा घालतो आणि ती राहत नाही. कुठलं खरं, सांग ना? घरी बसून डोळे मिटून बघतो, तर आताशा मला तो ठिपका डावीकडे होता की उजवीकडे, तेही..." तो थांबला. "आज एवढा मोठा घातलाय. उद्या सकाळी नसला तर मी ओळखून घेईन की आपलं संपलं."

पातं तिच्या एप्रनच्या खिशात होतं. तिला एवढंच करायचं होतं, की हात लावायचा नाही. आज ती चकती सोडून दिली, तर उद्या ठिपका असेल, मामाचं डोकं ठिकाणावर येईल, तिची चोरी कुणाला कळणार नाही. फक्त शाळेतल्या बाई मामीच्या नजरेने घरी जातील. तिने तो हिशोब मनातल्या मनात दोनदा मांडला. दोन्ही वेळा तो तिच्या बाजूने सुटत होता, आणि त्याचीच तिला किळस आली.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही घालत होतात. मी काढत होते."

"काय?"

"ठिपका. तुम्ही झोपलात की मी खरवडायचे. न्हाव्याचा, गवंड्याचा, सगळ्यांचे. कारकुनाचा तेवढा राहिला, तेव्हा मला सुचलं नव्हतं."

मामा तिच्याकडे बघत राहिला, आणि हे ते बघणं होतं, माणूस कंटाळून रंग वर येईपर्यंतचं. तिला कुठे लपावं कळेना.

"म्हणजे मी वेडा नाही."

"नाही."

"ती जात नव्हती."

"नाही मामा."

तो खुर्चीत बसला, जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे. तिला वाटलं आता हसेल. त्याचा चेहरा आधी तसा झालाही.

"तू काढत होतीस," तो म्हणाला. "तिने तुला केस विंचरून दिले. तापात मांडीवर घेतलं. आणि तू पात्याने..."

"तुमच्यासाठी केलं! लोक काय म्हणाले असते?"

"लोक! मी रोज उठून स्वतःला काय म्हणत होतो ते विचारलंस? माझ्यासमोर बसून चहा पीत होतीस. मी दाराचं विचारलं तेव्हा म्हणालीस, लावलं होतं. दाराचं बरं सांगितलंस!"

"सांगायला हवं होतं. तेच चुकलं. पण खरवडलं ते चुकलं नाही." तिने खिशातलं पातं काढून टेबलावर ठेवलं. "तुम्ही शिकवलंय मला, समोर माणूस बसतो त्याचा डोळा करायचा. न्हावी समोर बसला होता. त्याचा डोळा कुठे गेला? बाई दीड तास ताठ बसल्या, त्यांच्याकडे एकदा तरी बघितलंत? मामी मेली मामा. ह्या लोकांच्या खोबणीत तिला किती दिवस ठेवणार?"

असं मामाशी आजवर कोणी बोललं नव्हतं. मामी बोलली असती कदाचित, पण हसून. मामा उठला, चकती उचलली, हातात धरून खिडकीशी गेला. मग त्याने ती खिशात टाकली, झगा तसाच घडीचा ठेवून जिना उतरून गेला. कुठे, ते तिने विचारलं नाही.

सकाळी ती आली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. टेबलावर नवी, कोरी काळी चकती. बाईंना निरोप गेला होता; त्या कपाळाला आठ्या घालून आल्या.

"पुन्हा का? काल झालं होतं ना?"

"काल माझं चुकलं बाई. बसा. उजेडाकडे तोंड."

"माझा तास बुडतोय."

"बुडू दे. रागवा माझ्यावर. रागावलेला रंग चांगला दिसतो."

मामा बघत बसला. हात मांडीखाली. बाई कुरकुरल्या, मग गप्प झाल्या, मग खिडकीबाहेरच्या कबुतरांना शिस्त लावावी तशा त्यांच्याकडे बघायला लागल्या. मामाची मान हलली नाही. भाचीबाई दाराशी उभी होती आणि तिला दिसत होतं की मामाला ते जड जातंय. त्या करड्या डोळ्यात तो कोणाला तरी शोधत होता, आणि तिथे फक्त एक मास्तरीण होती, तास बुडाल्यामुळे चिडलेली. शेवटी त्याने हात बाहेर काढला, ब्रश उचलला. मान वर, मान खाली. मान वर, मान खाली. ठिपक्याच्या जागी आला तेव्हा ब्रश हवेत थांबला. बाई म्हणाल्या, "काय झालं?" मामा म्हणाला, "काही नाही," आणि करडा भरला.

डोळा बसवायच्या दिवशी बाईंनी आरशात बघितलं, मग आरसा खाली ठेवून मामाकडे बघितलं. मामा नकळत सरळ बसला आणि हात मागे घेतले.

"जमलं," बाई म्हणाल्या. एवढंच. पण जिन्यात त्यांची चाल ऐकली तर वाटावं, खाली आख्खा वर्ग उभा आहे.

मामा ब्रश धुवायला लागला. ते भाचीबाईचं काम. तिने हात पुढे केला.

"द्या इकडे."

"नको."

"बरोबर आलं ना मामा? एकदम त्यांचा आला."

"बरोबर आला," मामा म्हणाला. "तेच तर." ब्रशचं टोक ओठांनी सरळ करून त्याने तो उभा ठेवला. "तू आतलं प्लास्टर बघ. ब्रशला हात लावायचा नाही, मी सांगेपर्यंत."

"आणि कधी सांगणार?"

"मला माहीत नाही."

त्या कारागिराला कामावरून काढताना त्याने चहा पाजला होता. तिला चहा विचारला नाही, म्हणजे ती राहणार होती; एवढा अर्थ तिने काढला, आणि तोही बरोबर आहे की नाही हे विचारायची तिची छाती झाली नाही. आत जाऊन तिने वाडग्यात प्लास्टर कालवायला घेतलं. पुढच्या खोलीत कोणीतरी आलं. मामाचा आवाज आला, "या. बसा. उजेडाकडे तोंड." मग काहीच नाही. बघणं चाललं होतं. ती त्या शांततेत कान देऊन उभी राहिली. खुर्ची करकरली. ब्रश उचलल्याचा आवाज होत नसतो, तरी ती तो ऐकायची वाट बघत होती, आणि बोटांना वाडग्यात जड लागलं तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. प्लास्टर घट्ट झालं होतं.

मामा पाणी प्यायला आत आला. वाडग्याकडे बघितलं, तिच्या पांढऱ्या, आखडलेल्या बोटांकडे बघितलं.

"हे काय?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"तुमच्याकडे."

मामाने पेला भरला, प्यायला, पालथा घातला. "माझ्याकडे कशाला बघतेस? समोर आहे त्याच्याकडे बघ." आणि तो पुढच्या खोलीत परत गेला, जिथे एक अनोळखी माणूस खिडकीशी बसून हळूहळू कंटाळत होता.

तिने दगड झालेलं प्लास्टर काढून टाकलं, वाडगा घासला, आणि नवं कालवायला घेतलं.